भूमीत पुरलेला घट : रोप जगविण्याची एक जुनी विद्या

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



वृक्षारोपणाचा कार्यक्रम आता बहुतेक सर्व संस्थांच्या वार्षिक अहवालात स्थान मिळवून बसला आहे. आषाढ-श्रावणात खड्डे खणले जातात, रोपे लावली जातात, त्यांची संख्या मोजली जाते. महाराष्ट्र शासनाने १ जुलै २०१६ रोजी एका दिवसात २ कोटी रोपे लावण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. २०१९ सालासाठी ते ३३ कोटींवर गेले. रोपे लावण्याचा उत्साह समाजात आहे, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु रोपाची खरी परीक्षा पावसाळ्यात होत नसते. ती फाल्गुन-चैत्रात होते. माण, खटाव, आटपाडी, जत यांसारख्या पर्जन्यछायेच्या तालुक्यांत तर माघ सरता सरता विहिरींचा तळ दिसू लागतो, आणि श्रावणात मोठ्या हौसेने लावलेले रोप वैशाखात काठीसारखे उभे राहते.

हे रोप केवळ दुर्लक्षामुळे वाळले असे सरसकट म्हणणे अन्यायाचे होईल. पुष्कळदा पाणी घालणारे हात असतात आणि पाणीही घातले जाते. मात्र ते मुळापर्यंत पुरेसे पोहोचत नाही. या उणिवेवर एक अत्यंत साधा उपाय फार जुन्या काळापासून ज्ञात आहे. झिलई नसलेले मातीचे मडके गळ्यापर्यंत जमिनीत पुरावयाचे, त्यात पाणी भरावयाचे, तोंड झाकावयाचे आणि त्याच्या शेजारी रोप लावावयाचे. यालाच आपल्याकडे मडका सिंचन किंवा मटका सिंचन म्हणतात. आजच्या व्याख्यानाचा विषय हाच आहे.

पाणी जाते कोठे?

आळ्यात बादलीभर पाणी ओतले की काही क्षण ते साचते आणि मग जमिनीत मुरते. पाहणाऱ्याला वाटते, रोपाची तहान भागली. वस्तुतः त्या पाण्याला तीन वाटेकरी असतात. पहिला वाटेकरी सूर्य. भिजलेला वरचा थर उन्हाने तापतो आणि त्यातील ओलावा वाफ होऊन जातो. दुसरा वाटेकरी खालची जमीन. मुरमाड किंवा वाळूमिश्रित जमीन असेल तर पाणी मुळांना चुकवून खोल निघून जाते. तिसरा वाटेकरी तण. ओल्या आळ्यात हरळी आणि लव्हाळा रोपाच्या आधी फोफावतात. या तिघांचे वाटे गेल्यावर जे उरते ते रोपाचे.

यातील दुसरा दोष असा की, पाणी एकदम मिळते आणि मग दीर्घकाळ मिळतच नाही. पाणी घातल्या दिवशी मुळे चिखलात बुडालेली असतात, त्यांना हवा मिळत नाही. चौथ्या दिवशी तीच मुळे कोरड्या ढेकळांत अडकलेली असतात. वरचेवर थोडे पाणी घातले तर मुळे ओलाव्यामागे वरच्या थरातच पसरतात आणि नेमका तोच थर उन्हाळ्यात सर्वांआधी तापतो. पाणी देणारा आपल्या सवडीने देतो; रोपाला मात्र ते आपल्या गरजेनुसार हवे असते. या दोहोंचा मेळ बसत नाही, हे रोप दगावण्याचे एक मोठे कारण आहे.

माठाला घाम का येतो?

घराघरांत उन्हाळ्यात माठ असतो. त्याची बाहेरची बाजू ओलसर लागते. लोक म्हणतात, माठाला घाम आला. भाजलेल्या मातीत डोळ्यांना न दिसणारी असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून पाणी हळूहळू बाहेर झिरपते, हवेत त्याची वाफ होते आणि ती वाफ होताना उष्णता ओढली जाऊन आतले पाणी गार होते. हाच माठ जमिनीत पुरला तर त्याच्या भोवती हवा नसते, माती असते. मग तो घाम हवेत उडून न जाता मातीत उतरतो.

येथवरचा भाग कोणासही सहज समजण्यासारखा आहे. परंतु या पद्धतीचे मर्म पुढे आहे. मडक्यातून किती पाणी बाहेर पडावे हे केवळ मडके ठरवीत नाही. भोवतालची माती ते ठरविते. कोरडी माती पाणी आपल्याकडे ओढून घेते. दिव्याची वात ज्याप्रमाणे तेल वर ओढते त्याचप्रमाणे मातीच्या कणांमधील बारीक पोकळ्या पाणी ओढतात. शास्त्रात यास केशाकर्षण म्हणतात. माती जितकी कोरडी तितकी ही ओढ अधिक. माती भिजली की ओढ मंदावते आणि झिरपणेही मंदावते. रोपाच्या मुळांनी पाणी शोषून घेतले की माती पुन्हा कोरडी होते, ओढ पुन्हा वाढते आणि मडके पुन्हा पाणी देऊ लागते.

याचा अर्थ असा की, कडक उन्हात रोपाला अधिक पाणी लागते तेव्हा मडक्यातून अधिक पाणी जाते. आभाळ भरून आले, गारवा पडला, की पाझर आपोआप कमी होतो. वळवाचा पाऊस पडून जमीन भिजली तर मडक्यातील पाणी जवळजवळ तसेच राहते. तोटी फिरवावी लागत नाही, घड्याळ पाहावे लागत नाही. पाण्याचे माप देणाऱ्याच्या हातून निघून घेणाऱ्या मुळाच्या हाती जाते. ठिबक सिंचन ही आधुनिक काळातील मोठी उपकारक पद्धत आहे, यात शंका नाही. पण साधी ठिबक संचाची तोटी ठरलेल्या वेगाने थेंब सोडीत राहते, मग माती ओली असो वा कोरडी. मातीची विचारपूस करून पाणी देण्याचा गुण या गरीब मडक्यात अंगभूत आहे.

दोन हजार वर्षांची साक्ष

ही कल्पना अलीकडची नाही. चीनमध्ये इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात, हान राजवटीच्या काळात, फान शेंग-ची नावाच्या कृषितज्ज्ञाने शेतीवर ग्रंथ लिहिला. मूळ ग्रंथ नष्ट झाला. परंतु सहाव्या शतकातील एका चिनी कृषिग्रंथात त्याचे उतारे जपले गेले. त्यात वेलवर्गीय फळांच्या लागवडीची रीत सांगितली आहे. खड्ड्यात खत व माती समप्रमाणात मिसळावी, मधोमध सुमारे ६ लिटर पाणी मावेल असा मातीचा घट पुरावा, त्याचे तोंड जमिनीच्या पातळीत ठेवावे, तो पाण्याने भरावा, घटाभोवती चार बिया लावाव्यात, वर कौल झाकावे आणि पाणी कमी होताच पुन्हा भरावे. आज कोणी शेतकरी ही पद्धत शिकविण्यास बसला तर यापेक्षा फार वेगळे काही सांगणार नाही.

आधुनिक काळात भारतीय संशोधकांनी या विद्येची शास्त्रीय कसोटी घेतली, ही अभिमानाची बाब होय. हरियाणातील कर्नाल येथील केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेतील आर. सी. मंडल यांनी १९७० च्या दशकात पुरलेल्या घड्यांवर पिके घेऊन पाहिली. १९७४ मध्ये त्यांचा लेख परदेशी कृषी नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे याच संस्थेत खारट पाणी घड्यांतून देऊन भाज्या घेण्याचेही प्रयोग झाले. ज्या पाण्याने मोकळे सिंचन केले तर पीक करपते, तेच पाणी घड्यातून दिले असता निभावून जाते. कारण घड्यालगतची माती सतत ओली राहते आणि क्षार ओलाव्याबरोबर सरकत ओल्या भागाच्या कडेला जाऊन साचतात. अमेरिकेतील पर्यावरणतज्ज्ञ डेव्हिड बेनब्रिज यांनी कॅलिफोर्नियाच्या रुक्ष प्रदेशात झाडे पुन्हा उभी करण्याच्या कामात हीच रीत वापरली आणि २००१ मध्ये तिच्यावर सविस्तर शोधनिबंध लिहिला. अत्यंत कार्यक्षम, पण फारशी माहीत नसलेली पारंपरिक पद्धत, असे तिचे वर्णन त्यांनी केले. स्पॅनिश भाषिक प्रदेशांत मातीच्या घड्याला ‘ओया’ म्हणतात. त्याच नावाने आज अमेरिकेतील हौशी बागकाम करणारे असे घडे विकत घेतात.

प्रत्यक्ष कृती

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. मडके घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. त्यावर रंग, तेल किंवा झिलई नसावी. ते तडकलेले नसावे. आणि त्याला पाझर असावा. तपासणी सोपी आहे. मडके पाण्याने भरून रात्रभर सावलीत ठेवावे. सकाळी सर्वांगाला सारखा दमटपणा आलेला दिसला तर मडके कामाचे. एकाच जागी धार लागली असेल तर तेथे चीर आहे. अंग कोरडेच राहिले तर भाजणी फार घट्ट झालेली आहे. पाणी पिण्याच्या माठासाठी जी परीक्षा गृहिणी पिढ्यान्‌पिढ्या करीत आल्या आहेत, तीच ही परीक्षा.

झाडाच्या रोपासाठी ५ ते ८ लिटरचे मडके पुरते. खड्डा मडक्याच्या दुपटी-तिपटीने रुंद घ्यावा. निघालेल्या मातीत चांगले कुजलेले शेणखत मिसळावे, ढेकळे फोडावीत. मडके गळ्यापर्यंत पुरावे, पण काठ जमिनीच्या अंगुळभर वर ठेवावा, म्हणजे पावसाचा गाळ आत जात नाही. भोवतालची माती हाताने दाबून बसवावी, कारण मडके आणि माती यांच्यात पोकळी राहिली तर ओढ तुटते आणि पाझर थांबतो. मडक्यापासून वीतभर अंतरावर रोप लावावे. पहिले दोन-तीन आठवडे, मुळे ओलाव्यापर्यंत पोहोचेतो, वरूनही थोडे पाणी द्यावे. भोवती पालापाचोळ्याचे आच्छादन केले तर फार उत्तम.

परसबागेत एका मडक्याभोवती दुधी, दोडका, कारले, काकडी यांचे तीन-चार वेल सुखाने वाढतात. मिरची, वांगी, टोमॅटो यांनाही ही पद्धत मानवते. मडके पूर्ण रिकामे होण्याची वाट पाहू नये. अर्धे झाले की भरावे. किती दिवसांनी भरावे लागेल हे जमीन, ऊन आणि रोपाचे वय यांवर अवलंबून असते. पहिले दोन आठवडे रोज झाकण उघडून पाहिले की अंदाज येतो.

दोन गोष्टींविषयी मात्र हयगय चालणार नाही. पहिली, झाकण. मातीची परळ, फरशीचा तुकडा, काहीही चालेल. पण तोंड उघडे राहता कामा नये. उघड्या पाण्यात डास अंडी घालतात आणि डेंग्यूसारखा आजार पसरविणारा डास तर अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. शिवाय मुंग्या, सरडे, पाखरांची पिले उघड्या मडक्यात पडून बुडतात. रोप जगविण्यासाठी केलेली योजना दुसऱ्या जीवाच्या मृत्यूचे कारण होऊ नये, हे या सभेत वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. दुसरी गोष्ट, पाणी गाळणे. गढूळ पाण्यातील गाळ मडक्याची छिद्रे आतून बुजवितो आणि काही महिन्यांत पाझर मंदावतो. पाणी दुहेरी कापडातून गाळून घेण्याची जी रीत जैन घरांत आचाराचा भाग म्हणून पाळली जाते, ती येथे बागकामाच्या दृष्टीनेही अगत्याची ठरते. हंगाम संपल्यावर भाजीच्या वाफ्यातील मडके काढून, काथ्याने घासून, धुऊन उन्हात वाळवावे. ते पुढील हंगामात पुन्हा उपयोगी पडते.

मर्यादाही ध्यानात घ्याव्यात

कोणत्याही उपायाची स्तुती करताना त्याच्या मर्यादा झाकून ठेवणे योग्य नव्हे. ही पद्धत ऊस, गहू, सोयाबीन अशा विस्तीर्ण पिकांसाठी नाही. मडके हाताने भरावे लागते, त्यामुळे एकरांच्या हिशेबात मजुरी परवडत नाही. भारी काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि मडक्यापासून सुटते. तेथे मडक्याभोवती पोयट्याची माती व शेणखत भरणे आवश्यक असते. क्षारयुक्त पाण्याने छिद्रे कालांतराने बुजतात. मोठ्या झाडाची मुळे मडके फोडतात, परंतु तोवर मडक्याचे काम संपलेले असते. दोन-तीन उन्हाळे निभावून नेले की बहुतेक देशी झाडे आपले पाणी आपण शोधू लागतात. परसबाग, मंदिराचे वा शाळेचे आवार, रस्त्याकडेची झाडे, माळावरची नवी लागवड, हेच या पद्धतीचे खरे क्षेत्र होय. काही ठिकाणी मडक्याच्या तळाला छिद्र पाडून त्यात सुती वात घालतात. त्याने पाणी लवकर मिळते. पण ते मातीच्या गरजेपेक्षा वातीच्या जाडीवर अवलंबून राहते. चांगला पाझर असलेले मडके मिळत असेल तर छिद्र न पाडणेच श्रेयस्कर.

एक हिशेब

समजा, एखाद्या आवारात १०० रोपे आहेत. प्रत्येकाच्या आळ्यात दर चौथ्या दिवशी १५ लिटर पाणी घातले, तर १ फेब्रुवारी ते ३१ मे या १२० दिवसांत ३० पाळ्या होतात आणि ४५,००० लिटर पाणी लागते. त्याच रोपांशेजारी ६ लिटरची मडकी पुरून दर चौथ्या दिवशी ती पूर्ण भरली, असे धरले तरी १८,००० लिटर पुरतात. सत्तावीस हजार लिटरची ही बचत केवळ १०० रोपांची आहे.

सत्तावीस हजार लिटर म्हणजे किती, याची जाणीव या भागास करून देण्याची गरज नसावी. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराची तहान भागविण्यासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी पाठवावे लागले. ‘जलदूत’ नावाच्या त्या पहिल्या गाडीस १० टाक्या होत्या आणि तिने सुमारे ५ लाख लिटर पाणी नेले. प्रत्येक टाकीत सुमारे ५०,००० लिटर. आळ्यातून सांडलेले आपले १०० रोपांचे पाणी त्यातील एका टाकीच्या निम्म्याहून अधिक भरते. शेजारच्या जिल्ह्यात पिण्याचे पाणी आगगाडीने जाते, अशा उन्हाळ्यात झाडांसाठी पाणी मागणे कोणालाही संकोचाचे वाटेल. आणि झाडे वाळू देणे तर त्याहून दुःखाचे. या पेचातून वाट काढावयाची तर कमी पाण्यात रोप जगविण्याची विद्या हाती असली पाहिजे.

कुंभाराचे चाक

या विषयाला आणखी एक बाजू आहे. ज्या गावात कुंभाराचे चाक बंद पडले त्या गावात ही पद्धत सांगून उपयोग नाही. एकेकाळी स्वयंपाकघरापासून धान्याच्या कोठारापर्यंत सर्वत्र मातीची भांडी होती. आज कुंभाराला काम मिळते ते संक्रांतीच्या सुगडांपुरते, अक्षय्य तृतीयेच्या करा-केळींपुरते, नवरात्रातील घटांपुरते आणि उन्हाळ्यातील माठांपुरते. उरलेले महिने चाक थांबलेले असते. वृक्षारोपणाच्या हंगामासाठी मडकी सांगितली गेली तर त्या घरांना एरवीच्या रिकाम्या काळात काम मिळेल. यासाठी लागणारे मडके कोरीव किंवा रंगीत असण्याचे कारण नाही. किंचित वाकडे, डाग पडलेले, गिऱ्हाइकाने बाजूला सारलेले मडकेही चालते. मागणी मात्र आधी नोंदविली पाहिजे. पावसाळ्यात ओल्या हवेत मडकी वाळत नाहीत आणि आवाही नीट पेटत नाही. म्हणून आषाढातील लागवडीसाठी मडकी फाल्गुन-चैत्रातच सांगून ठेवावीत.

भगवान ऋषभदेवांनी मानवास जी षट्कर्मे शिकविली असे परंपरा सांगते, त्यांत कृषी आणि शिल्प ही दोन्ही आहेत. शेतकरी आणि कुंभार यांचे कसब एकत्र आले म्हणजे जमिनीतला हा घट तयार होतो. दोघांपैकी एकाचा हात सुटला तर विद्या केवळ पुस्तकात उरते.

उपसंहार

म्हणून शेवटी एवढीच विनंती. यापुढे जेथे रोप लावले जाईल तेथे त्याच खड्ड्याशेजारी एक मडके पुरले जावे. आणि त्या मडक्याची जबाबदारी एखाद्या घराने तीन उन्हाळ्यांसाठी आपल्याकडे घ्यावी. शंभर रोपे लावून दहा जगण्यापेक्षा तीस लावून तीस जगविणे अधिक मोलाचे. चौथ्या दिवशी एक तांब्या-कळशी घेऊन जाणे, झाकण उचलणे, पाणी गाळून भरणे, झाकण पुन्हा ठेवणे, याला चार मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. घरातील वृद्ध मंडळी आणि शाळेत जाणारी मुले यांनी मिळून करावे असे हे काम आहे. मुलांना त्यातून रोप किती पाणी पिते हे प्रत्यक्ष दिसेल. ऊन वाढले की मडके लवकर रिते होते आणि आभाळ आले की ते भरलेले राहते, हे त्यांच्या ध्यानात येईल. पुस्तकातील धड्यापेक्षा हा धडा अधिक काळ टिकेल.

वार्षिक अहवालात लावलेल्या रोपांच्या संख्येशेजारी तिसऱ्या ज्येष्ठात जिवंत असलेल्या रोपांची संख्याही छापली जावी. त्या दिवशी हा विषय मांडण्याचे सार्थक झाले, असे म्हणता येईल.

जय जिनेंद्र.